मार्कोस: चेहरा झाकलेल्या सैनिकांचा इतिहास कसा वाचायचा?

२३ मार्च २०२४ रोजी आयएनएस कोलकाता ही विनाशिका मुंबईला परतली तेव्हा तिच्यावर ३५ सोमाली चाचे होते. आठवडाभर आधी, भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर, नौदलाने 'रुएन' नावाच्या मालवाहू जहाजाला वेढा घालून त्यांना शरण यायला लावले होते. हे जहाज चाच्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये पळवले होते आणि त्याचाच तळ करून ते इतर जहाजांवर हल्ले करायच्या बेतात होते. चाळीस तासांच्या कारवाईनंतर जहाजावरचे १७ खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईत यलो गेट पोलिसांच्या ताब्यात दिले गेले.

त्या बातम्यांत एक शब्द सतत येत होता: मार्कोस. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून दोन छोट्या बोटींसह समुद्रात उतरलेले कमांडो ते हेच. बातमी वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतात. हे लोक कोण? एनएसजीवाले, म्हणजे नॅशनल सिक्युरिटी गार्डचे कमांडो, आणि हे एकच का? त्यांचे अधिकारी कोण असतात? आजवर त्यांनी काय केले, आणि ते कुठे लिहून ठेवले आहे?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गुप्त काम करणाऱ्या दलाबद्दल अधिकृत माहिती थोडी असते आणि उरलेली जागा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कहाण्या भरून काढतात. खरे पराक्रम त्या गर्दीत दिसेनासे होतात. म्हणून या लेखात दलाची ओळख करून घेऊच, पण त्यांच्या कामगिरीची नोंद कुठे सापडते आणि ती कशी वाचायची, हेही पाहू.

आधी नाव नीट समजून घेऊ

'मरीन' म्हटले की अनेकांना अमेरिकेची मरीन कोअर आठवते. ती लाखाच्या वर सैनिक, तोफा आणि विमाने असलेली जवळजवळ स्वतंत्र सेना आहे. भारताकडे तशी मरीन सेना नाही. मार्कोस हे भारतीय नौदलाचे विशेष दल आहे. त्यातला प्रत्येक जण आधी नौदलाचा अधिकारी किंवा नाविक असतो आणि स्वेच्छेने या कठीण निवडीला सामोरा गेलेला असतो.

विशेष दल म्हणजे मोजक्या माणसांची तुकडी. मोठी फौज पाठवणे शक्य नसते किंवा पाठवली तर काम बिघडेल, अशा ठिकाणी ती जाते. आपल्याकडे भूदलाचे पॅरा स्पेशल फोर्सेस, हवाई दलाचे गरुड आणि नौदलाचे मार्कोस अशी तीन दले आहेत. एनएसजी यांच्यापेक्षा वेगळी. ती १९८४ मध्ये उभी राहिली आणि केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येते. देशातल्या दहशतवादी हल्ल्यांचा आणि ओलीसनाट्यांचा मुकाबला हे तिचे मुख्य काम.

मार्कोसचे मुख्य ठाणे उरणजवळचे आयएनएस अभिमन्यू. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी संशयित शस्त्रधारी पाहिल्याचे सांगितले आणि सगळा रायगड किनारा जागा झाला, ते उरणकरांना आठवत असेल. त्याच वर्षी १२ जुलैला विशाखापट्टणमजवळ आयएनएस कर्ण हे पूर्व किनाऱ्यावरचे ठाणे सुरू झाले होते.

प्रशिक्षण मात्र एका जागी होत नाही. पाणबुड्याचे म्हणजे डायव्हिंगचे शिक्षण कोचीला, पॅराशूटचे आग्र्याला, जंगलातल्या लढाईचे मिझोरममधल्या वैरेंगटेला. अर्ज करणाऱ्यांतले बहुतेक जण सुरुवातीच्या चाचण्यांतच गळतात. डिसेंबर २०२२ मध्ये नौदलाने हे दार महिलांनाही उघडल्याचे जाहीर झाले. तिथेही अट तीच, निकषांना उतरणे.

मुळे १९७१ मध्ये, पलाशीच्या काठावर

मार्कोसचा अधिकृत जन्म १९८७ चा. पण नौदलाने पाण्याखालून लढण्याचा मोठा प्रयोग त्याआधी सोळा वर्षे केला होता आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी अधिकारी होता: कमांडर मोहन नारायण राव सामंत.

मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तली सुरू केल्या. त्या वेळी फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात 'मांग्रो' ही पाकिस्तानी पाणबुडी होती. तिच्यावरचे आठ बंगाली नौसैनिक पळाले आणि युरोपातून मार्ग काढत भारतात पोहोचले. पाण्याखालच्या कामाची सवय असलेली माणसे आपणहून दारात आली होती. त्यांना हाताशी धरून नौदलाने पश्चिम बंगालमध्ये पलाशीजवळ भागीरथीच्या काठी गुप्त छावणी उघडली. पूर्व बंगालमधून आलेल्या विद्यार्थ्यांना आणि शेतकऱ्यांच्या मुलांना तिथे लढाऊ जलतरणपटू बनवले गेले. अशा चारशेहून अधिक तरुणांना तयार करण्यात आले.

त्यांचे हत्यार होते लिंपेट माइन, म्हणजे लोहचुंबकाने जहाजाच्या तळाला चिकटणारा सुरुंग. पोहणाऱ्याने तो गमछाने छातीला बांधायचा, उताणे पोहत जहाज गाठायचे, बुडी मारून तळावरचे शेवाळ सुरीने खरवडायचे आणि लोखंड उघडे पडले की सुरुंग लावून निघायचे. सुरुंगात पाण्यात विरघळणारी एक गुटी असे. ती विरघळली की स्फोटाची कळ मोकळी होई. पण नदीत तासभर पोहायचे तर गुटी वाटेतच विरघळून पोहणाऱ्याचाच जीव जाईल. तोडगा साधा निघाला: तिच्यावर निरोधचे रबर चढवायचे आणि शेवटच्या क्षणी काढून टाकायचे. दुकानात मिळणाऱ्या त्या वस्तूवर अख्ख्या मोहिमेची वेळ सांभाळली गेली.

ऑगस्टच्या मध्यात एका रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांवर एकाच वेळी हल्ला झाला. पोरांकडे वायरलेसवर बोलायची सोय नव्हती. त्यांना आकाशवाणीवरची दोन ठरलेली गाणी ऐकायला सांगितले होते. पहिले लागले की तयार राहायचे, दुसरे लागले की त्या रात्री पाण्यात उतरायचे. चितगावात 'अल अब्बास' आणि 'हुर्मुझ' ही जहाजे बुडाली. परदेशी जहाज कंपन्या या बंदरांत यायला कचरू लागल्या, आणि पूर्वेकडच्या पाकिस्तानी फौजेला तर रसद समुद्रातूनच येत होती.

डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष युद्ध सुरू झाल्यावर सामंत छोट्या बोटींचा काफिला घेऊन मोंगला आणि खुलनाकडे गेले. त्यासाठी त्यांना महावीर चक्र मिळाले. त्याच काफिल्यात लीडिंग सीमन चिमणसिंग होते. लीडिंग सीमन हा अधिकारी नव्हे, नाविकांमधला हुद्दा. त्यांनाही महावीर चक्र मिळाले. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण नोंदी कशा वाचाव्यात याचा उत्तम धडा त्यांच्या मानपत्रात आहे.

इथे एक खुलासा. पलाशीची छावणी म्हणजे मार्कोस नव्हे. युद्ध संपल्यावर ती बंद झाली. मात्र थोडी माणसे योग्य रात्री पाण्यात उतरवली तर बंदरेच्या बंदरे ठप्प होतात, हे नौदलाने तिथे स्वतःच्या अनुभवाने शिकून घेतले.

१९८७: दल जन्मले आणि लगेच लढाईत उतरले

फेब्रुवारी १९८७ मध्ये इंडियन मरीन स्पेशल फोर्स या नावाने दल उभे राहिले. १९९१ मध्ये त्याचे मरीन कमांडो फोर्स झाले आणि त्याचे बोलण्यातले रूप मार्कोस.

वर्ष उलटायच्या आत त्यांना श्रीलंकेत उतरावे लागले. भारतीय शांतिसेना जाफनात लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी झुंजत होती. लिट्टेची खरी ताकद त्यांच्या वेगवान बोटींत होती. माणसे, शस्त्रे, औषधे सगळे खाडीतून रात्री ये-जा करायचे. ऑक्टोबर १९८७ मध्ये लेफ्टनंट अरविंद सिंग यांच्या तुकडीला जाफनाच्या गुरुनगर धक्क्यावर पाठवले गेले. जेमिनी, म्हणजे हवा भरलेल्या रबरी बोटींमागे स्फोटके लादलेले लाकडी तराफे ओढत ते निघाले. पुढे इंजिनाचा आवाजही नको म्हणून काही जण तराफ्यांवर बसून वल्हवत धक्क्याला लागले. धक्क्याला आणि बोटींना स्फोटके बांधत असतानाच ते शत्रूच्या नजरेस पडले. गोळीबार करत त्यांनी काम पुरे केले, स्फोट घडवला आणि परतले. दोन रात्रींनी उरलेल्या बोटी उडवायला ते पुन्हा गेले, या वेळी पोहत.

मला यातला दुसरा फेरा जास्त विलक्षण वाटतो. पहिल्या रात्री शत्रू गाफील होता. दुसऱ्या रात्री तो जागा होता, गस्त वाढली होती, आणि जाणाऱ्यांना ते पक्के ठाऊक होते. अरविंद सिंग यांना महावीर चक्र मिळाले.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोरांनी सत्ता उलथवण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर ते ओलीस घेऊन 'प्रोग्रेस लाइट' या जहाजातून पळाले. आयएनएस गोदावरी आणि आयएनएस बेतवा यांनी त्यांना समुद्रात गाठले आणि नौदलाच्या कमांडोंनी जहाजाचा ताबा घेतला. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मार्कोस काश्मीरमध्ये वुलर सरोवरावर आणि झेलमवर आले. समुद्रापासून शेकडो मैल दूर नौदलाचे काय काम, असे कुणी विचारेल. अतिरेकी सरोवर ओलांडायला नावा वापरत होते आणि पाण्यावरची गस्त हा यांचा हातखंडा होता. दाढ्या वाढवून वावरणाऱ्या या जवानांना तिथे 'दाढीवाली फौज' म्हणू लागले.

चालत्या जहाजावर चढतात कसे?

चित्रवाणीवर हे फार सोपे दिसते. मालवाहू जहाजाची बाजू म्हणजे पाण्यातून वर गेलेली लोखंडी भिंत, तीही ओली आणि हलती. लाटेबरोबर खालची बोट दोन मीटर वर उचलली जाते आणि तितकीच खाली आपटते. लांब काठीने कठड्याला आकडा अडकवायचा, त्याला लटकणारी अरुंद शिडी पकडायची आणि अंगावरचे शस्त्र, चिलखत, वायरलेस सांभाळत चढायचे. हात सुटला तर खाली बोट आणि जहाज यांच्यामधली फट असते. दुसरा मार्ग हेलिकॉप्टरचा. वर स्थिर राहिलेल्या हेलिकॉप्टरमधून दोरावरून सरसर उतरायचे. आपल्या सेनादलांत याला स्लिदरिंग म्हणतात.

वर पोहोचल्यावर खरी परीक्षा सुरू होते. जहाज म्हणजे शेकडो खोल्या, जिने आणि पोलादी दरवाजे. गोळी पोलादावर आदळून कुठेही उसळू शकते, इंधनाच्या नळ्या जवळच असतात. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे खलाशी कुठे आहेत?

जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाजवळ 'लीला नॉरफोक' या जहाजावर सशस्त्र लोक चढले तेव्हा या प्रश्नाचे उत्तर खलाशांनीच सोपे केले होते. २१ जण, त्यातले १५ भारतीय, सिटाडेलमध्ये जाऊन बसले. सिटाडेल म्हणजे जहाजातली आतून बंद होणारी मजबूत सुरक्षित खोली. खलाशी तिथे सुरक्षित आहेत हे कळले की कमांडो बाकीचे जहाज निर्धास्तपणे पिंजून काढू शकतात. आयएनएस चेन्नईवरून गेलेल्या मार्कोसनी तेच केले. चाचे आधीच पळाले होते, खलाशी बाहेर आले.

रुएनची गोष्ट अवघड होती, कारण तिथे खलाशी चाच्यांच्या ताब्यात होते. म्हणून आधी घाई न करता वेढा घातला गेला. चाच्यांनी नौदलाचे ड्रोन पाडले, युद्धनौकेवर गोळीबार केला. नौदलाने जहाज पुढे सरकू शकणार नाही अशी तजवीज केली, टेहळणी विमान वर घिरट्या घालत राहिले, मग विमानातून कमांडो उतरले. या सगळ्या दबावाखाली ३५ जणांनी हात वर केले. मार्कोसचे कौतुक करताना त्यांच्या मागे उभी असलेली युद्धनौका, वैमानिक, इंजिन खोलीतले नाविक आपण विसरतो. त्यांच्याशिवाय कमांडो तिथवर पोहोचलेच नसते.

'इतके तरबेज होते, तर ताज तीन दिवस का जळत राहिले?'

हा प्रश्न मुंबईत आजही विचारला जातो आणि तो विचारण्याचा मुंबईकरांना पुरा हक्क आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर मार्कोसच्या छोट्या तुकड्या ताज आणि ओबेरॉय-ट्रायडंटमध्ये शिरल्या. एनएसजी दिल्लीजवळच्या मानेसरहून येऊन पोहोचली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण तेव्हा मुंबईत तिचे केंद्रच नव्हते. ते २००९ मध्ये आले. म्हणजे सुरुवातीच्या तासांत मार्कोस ही शहरात हाताशी असलेली विशेष प्रशिक्षित माणसे होती. पण ती संख्येने थोडी, आणि तयारी जहाजांसाठी व समुद्रातल्या तेलफलाटांसाठी केलेली. हॉटेल त्यांना अनोळखी होते, आत धूर आणि काळोख होता, आणि कोणत्या दारामागे पाहुणे आहेत व कोणत्या मागे दहशतवादी, हे सांगणारे कुणी नव्हते.

ताजमध्ये एका अंधाऱ्या दालनात शिरताना सर्वात पुढे प्रवीण कुमार तेवतिया होते. दबा धरून बसलेल्या दहशतवाद्यांनी गोळ्या झाडल्या. चार गोळ्या लागूनही ते लढत राहिले. त्या झटापटीमुळे जवळच लपलेल्या पाहुण्यांना बाहेर काढायला वाव मिळाला. त्यांना शौर्य चक्र मिळाले. डॉक्टरांनी आशा सोडलेल्या शरीराने ते पुढे मॅरेथॉन धावले, आयर्नमॅन शर्यत पुरी केली.

त्या रात्रीचे अपयश कुठे शोधायचे? माझ्या मते कमांडोंच्या हिमतीत किंवा कौशल्यात ते सापडणार नाही. किनाऱ्यावरची गस्त, गुप्तवार्ता पुढे पोहोचवणारी साखळी आणि एनएसजीला विमान मिळायला लागलेला वेळ, हे दोष त्यांच्या वरच्या पातळीवरचे होते. नंतर किनारपट्टीच्या सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आली आणि तळांच्या रक्षणासाठी सागर प्रहरी बल उभे राहिले, त्यावरूनही हे दिसते.

'चाच्यांना कोर्टात कशाला आणायचे?'

समाजमाध्यमांवर हा सूर नेहमी लागतो. शरण आलेल्या माणसाला मारणे हा खून आहे आणि वर्दीतला माणूस तो करत नाही, इथेच खरे तर विषय संपतो. पण कायद्याची बाजूही आहे. १९९९ मध्ये नौदलाने आणि तटरक्षक दलाने 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज चाच्यांकडून सोडवले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, पण उच्च न्यायालयात ते सुटले. आपल्या दंड संहितेत चाचेगिरी असा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. ही फट २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याने बुजवली आणि रुएनचे चाचे त्याच कायद्याखाली पकडले गेले.

खटल्याचा आणखी एक फायदा आहे. कारवाई न्यायालयात गेली की तिची नोंद उघडी होते. कोणत्या वेळी काय घडले, काय जप्त झाले, कोणी काय पाहिले, हे शपथेवर सांगावे लागते. गुप्त दलाच्या कामाचा असा तपासलेला दस्तऐवज दुसरीकडे क्वचितच तयार होतो.

अधिकारी, नाविक आणि त्यांच्या फायली

तुकडीचे नेतृत्व साधारणपणे लेफ्टनंट किंवा लेफ्टनंट कमांडर हुद्द्याचा तरुण अधिकारी करतो. हुद्द्यांबाबत एक गफलत नेहमी होते. नौदलातला कॅप्टन हा भूदलातल्या कॅप्टनपेक्षा पुष्कळ वरचा, कर्नलच्या बरोबरीचा असतो. कॅप्टन सामंत असा उल्लेख वाचून ते कनिष्ठ अधिकारी होते असे समजू नये. १९७१ मध्ये ते कमांडर होते आणि त्याआधी 'करंज' पाणबुडीचे पहिले कप्तान.

पण अशा तुकडीत बहुसंख्य असतात ते नाविक. सुरुंग लावणारा, शिडीवर पहिला चढणारा, अंधारात पहिला शिरणारा बहुधा नाविकच असतो. इतिहासात मात्र अधिकाऱ्यांची नावे आधी येतात. चिमणसिंग आणि तेवतिया यांची नावे ठळक घ्यायची ती म्हणूनच.

प्रत्येकाची सेवानोंद म्हणजे भरती, बदल्या, अभ्यासक्रम, जखमा, पदके, निवृत्ती यांची फाइल. नौदलाच्या नाविकांच्या या फायली मुंबईतच आहेत, मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये. त्या त्या माणसाला किंवा त्याच्या वारसांना निवृत्तिवेतनासारख्या कामासाठी या कचेरीशी संबंध येतो. त्रयस्थाला फाइल पाहता येत नाही आणि ते रास्तही आहे, कारण ती माणसाची खासगी माहिती आहे.

मग सामान्य वाचकाने पाहायचे कुठे?

सर्वात भरवशाची जागा म्हणजे भारताचे राजपत्र आणि सरकारचे शौर्य पुरस्कारांचे संकेतस्थळ. कारवाईच्या वेळी चेहरा काळ्या कापडाने झाकलेला असला तरी पदक मिळाले की नाव छापले जाते. शत्रूसमोरच्या शौर्यासाठी परमवीर, महावीर आणि वीर चक्र. इतर प्रसंगांतल्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र. जाफनाच्या कामगिरीला महावीर चक्र आणि ताजच्या कामगिरीला शौर्य चक्र का, याचे उत्तर या विभागणीत आहे. कुणाच्या नावावर कुणी मोठा पराक्रम सांगत असेल आणि पदकाचा उल्लेख करत असेल, तर आधी इथे पडताळा करावा.

पदकाबरोबरचे मानपत्र मात्र डोळसपणे वाचावे लागते. ते लग्नपत्रिकेसारखे असते. लग्न कुणाचे, कधी, कुठे हे अचूक कळते, ते जमताना घरात काय काय झाले याचा त्यात शब्द नसतो.

चिमणसिंगांचे मानपत्र सांगते की खुलनाजवळ त्यांची बोट हवाई हल्ल्यात बुडाली. पाण्यात पडलेल्यांवर किनाऱ्यावरून गोळीबार सुरू झाला. स्वतः जखमी असताना त्यांनी बुडू लागलेल्या दोघांना, त्यातला एक अधिकारी, काठाला आणले. मग ते एकटे शत्रूवर धावून गेले, म्हणून ते दोघे निसटू शकले. चिमणसिंग पकडले गेले आणि बांगलादेश मुक्त झाल्यावरच सुटले. यातले अक्षरही खोटे नाही. पण हवाई हल्ला कुणाचा, हे मानपत्र सांगत नाही. १० डिसेंबर १९७१ रोजी सामंतांच्या काफिल्यातल्या 'पद्मा' आणि 'पलाश' या बोटी बुडाल्या त्या आपल्याच हवाई दलाच्या नॅट विमानांच्या हल्ल्यात. चुकून झालेला हल्ला होता तो. ही माहिती कळल्याने चिमणसिंगांचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. उलट, ज्या गोंधळात त्यांनी ते गाजवले तो डोळ्यांसमोर उभा राहतो.

माहितीचा अधिकार इथे किती उपयोगी पडतो? २००५ च्या कायद्यातले कलम ८ देशाच्या सुरक्षेला बाधा आणणारी माहिती नाकारू देते. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती द्यावी असे त्याच कलमात पुढे म्हटले आहे, पण सुरक्षेचा अपवाद तिथेही कायम ठेवला आहे. त्यामुळे कमांडो कारवायांबाबत हा रस्ता अरुंद आहे.

रुंद रस्ता होऊ शकतो तो जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने मंजूर केलेल्या धोरणाचा. त्यानुसार युद्ध किंवा मोहीम संपल्यावर दोन वर्षांत समिती नेमायची, पुढच्या तीन वर्षांत इतिहास तयार करायचा आणि २५ वर्षांहून जुनी कागदपत्रे सर्वसाधारणपणे खुली करायची. या कागदपत्रांत भूदलाच्या युद्ध दैनंदिन्या येतात, तसेच नौदलाचे 'लेटर्स ऑफ प्रोसीडिंग्ज' येतात. ते म्हणजे कप्तानाने वरिष्ठांना पाठवलेला घडल्या गोष्टींचा अहवाल. मानपत्रात न आलेले बरेच काही या पत्रांत असू शकते.

'शत्रूच्या हाती कोलीत नको'

आक्षेप खरा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. आज सेवेत असलेल्यांची नावे, संख्याबळ, वायरलेसची पद्धत, जहाजावर चढण्याचे आजचे तंत्र, हे बाहेर येता कामा नये. रुएनच्या वेळी कोणती तुकडी कुठल्या बाजूने चढली हे चाच्यांच्या पुढच्या टोळीने वाचले तर त्याची किंमत उद्याचा कमांडो मोजेल.

पण १९७१ चे सुरुंग आज कुणी वापरत नाही. गुरुनगर धक्क्यासमोर लढलेली लिट्टे २००९ मध्ये संपली. प्रोग्रेस लाइटचा पाठलाग २०१३ मध्येच पंचवीस वर्षांचा झाला. या कागदांत शत्रूच्या कामाचे काही उरलेले नाही, आपल्या कामाचे मात्र पुष्कळ आहे. कोणत्या निर्णयाला उशीर झाला, कोणत्या बोटीचे इंजिन ऐन वेळी बंद पडले, कोणत्या नाविकाने सुचवलेली युक्ती कामी आली, हे नव्या अधिकाऱ्याने शिकायचे कुठून? ब्रिटनमध्ये रॉयल मरीन्सच्या जुन्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कोणालाही पाहता येतात. त्याने त्यांचे आजचे कमांडो दुबळे झालेले नाहीत.

आणि कागद उघडायला उशीर झाला की माणसे निघून जातात. पलाशीच्या छावणीबद्दल कॅप्टन सामंतांनी वयाच्या उत्तरार्धात मोकळेपणाने सांगितले म्हणून आज इतके तपशील आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचे निधन २०१९ मध्ये झाले. कागद आधी खुले झाले असते तर संशोधकांना त्यांच्यासमोर एकेक पान ठेवून विचारता आले असते. पंचवीस वर्षांचा हिशेब पाळला तर ताजमध्ये शिरलेल्या तुकड्यांच्या नोंदींची पाळी २०३३ मध्ये येते. त्या रात्री पंचविशीत असलेला नाविक तेव्हा पन्नाशीचा असेल. त्याला विचारून घेता येईल.